लॅबची जैवसुरक्षा तपासायला निघण्याआधी

भेटीच्या आठवडाभर आधी दोन याद्या मागवून घ्या. तिथं कोणत्या जंतूवर नेमकं काय काम चालतं, याची एक आणि फ्रीझरमध्ये काय काय पडून आहे, याची दुसरी. नुसत्या जंतूच्या नावावर भागत नाही. क्षयाच्या थुंकीची स्लाइड बघणं वेगळं आणि त्याच जंतूचं कल्चर वाढवून त्यावर औषधं तपासणं वेगळं. दुसऱ्यात जोखीम कितीतरी पट जास्त. त्यामुळे दारावर 'बीएसएल-२'ची, म्हणजे जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीची, पाटी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. फ्रीझरची यादी मी २००३च्या सिंगापूरमुळे मागतो. तिथला एक विद्यार्थी वेस्ट नाइल विषाणूवर काम करत होता आणि त्याला लागण झाली ती सार्सची. नमुन्यातच भेसळ होती.

त्याच आठवड्यात ऑटोक्लेव्हसाठी, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रासाठी, उष्णतेनं सहज न मरणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंच्या कुप्या पाठवून द्या. कचऱ्याच्या भरलेल्या फेरीत, अगदी मधोमध, एक कुपी ठेवायला सांगा. दुसरी ऑटोक्लेव्हमध्ये न घालता तशीच ठेवायची आणि मग दोन्ही उबवायच्या. न घातलेलीत वाढ दिसली पाहिजे, घातलेलीत अजिबात नाही. दोन्हीकडे शुकशुकाट असेल तर ती चाचणीच बाद. काळ्या रेघा उमटलेली टेप पुरावा म्हणून पुढे येईलच. ती फक्त पिशवीला बाहेरून ताव लागला एवढंच सांगते. काटा १२१ अंशांवर असला तरी घट्ट बांधलेल्या पिशवीच्या पोटात वाफ शिरलेली नसू शकते.

वेळ ठरवताना काम ऐन भरात असेल अशी निवडा. चहा, सादरीकरण, फायली हे सगळं शेवटी. फायली कुठं पळून जात नाहीत, हात मात्र आपण बघतोय म्हटल्यावर लगेच शहाणे होतात. म्हणून पहिला अर्धा तास काही न विचारता कोपऱ्यात उभं राहायचं.

सगळ्यात जास्त वेळ बायोसेफ्टी कॅबिनेटपाशी, म्हणजे हवा आत ओढून जंतू बाहेर येऊ न देणाऱ्या, पुढून उघड्या कपाटापाशी द्या. वर्षातून एकदा तपासणी झाल्याचं स्टिकर बघा, पण तिथंच थांबू नका. खिशात टिश्यूपेपरची बारीक पट्टी ठेवा आणि पुढच्या फटीशी धरा. ती आत ओढली जायला हवी. मग कुणाला तरी मागून नेहमीच्या चालीनं जायला सांगा आणि पट्टी कशी फडफडते ते त्यांनाच दाखवा. एका ठिकाणी पुढच्या जाळीवर चक्क रजिस्टर उघडून ठेवलं होतं. हवा आत खेचायची जागाच बंद, आणि स्टिकर मात्र ताजं! आत बर्नर पेटलेला दिसला तर तोही टिपून घ्या, त्याच्या ज्वाळेनं हवेचा पडदा विस्कटतो.

जंतुनाशकाच्या बाटलीवर तारीख आहे का, ती कुणी घातली? पातळ केलेलं हायपोक्लोराइट रोज ताजं लागतं. २०१९मध्ये चीनमधल्या लांझोऊ शहरात लस बनवणाऱ्या कारखान्यात मुदत उलटलेलं जंतुनाशक वापरलं गेलं, ब्रुसेलाचे जिवाणू बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर निसटले आणि हजारो लोकांना बाधा झाली.

सोबत रंगीत पाण्याची छोटी बाटली असू द्या. सगळ्यात नव्या माणसासमोर थोडं पाणी सांडा आणि 'आता काय कराल?' एवढंच विचारा. तो लगेच खाली वाकून पुसायला लागला तर प्रशिक्षणाची सही कशी झाली ते कळलंच. आधी खोली रिकामी, दार बंद, हवेतले थेंब बसायला वेळ; मग कडेकडून मध्याकडे जंतुनाशक. हाच प्रश्न सफाई करणाऱ्या ताईंनाही विचारा, त्यांना बहुधा कुणी विचारलेलंच नसतं. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या वेगानं गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, नळी फुटली तर झाकण किती वेळानं उघडायचं, सुई टोचली तर पहिला फोन कुणाला, डोळे धुण्याचा नळ शेवटचा कधी सोडला, हे जाता जाता.

काही गंभीर दिसलं तर अहवालाची वाट बघू नका, ते काम त्याच वेळी थांबवायला सांगा. बाहेर पडताना एप्रन आतच, हात साबणानं धुऊन. पेन स्वस्तातलंच न्या. मी ते तिथंच टाकून येतो.