गाडीतला गीझर: पाण्याआधी विस्तव, आणि अशाच काही महागात पडणाऱ्या चुका

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जुन्या घरांत न्हाणीच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब असायचा. काही घरांत अजूनही आहे. त्या बंबाचे दोन नियम घरातल्या लहान पोरालाही पाठ असत. आधी पाणी, मग विस्तव. आणि धुराला बाहेर जायला वाट. मी गाड्यांमध्ये पाण्याची आणि गॅसची जोडणी करतो. टेम्पो ट्रॅव्हलरची केलेली फिरती घरे, कॅम्पर व्हॅन, एखाद-दुसरा परदेशातून आलेला कॅराव्हॅन, असे काम उद्यमबागेतल्या शेडमध्ये येत असते. बिघडून आलेला गीझर उघडला की बहुतेक वेळा या दोन नियमांपैकी एक मोडलेला दिसतो. बाकीची कारणे त्यानंतर येतात.

कोरडी टाकी तापवणे

घरच्या गीझरला गच्चीवरच्या टाकीतून पाणी आपोआप येते, त्यामुळे तो भरला आहे का हे बघायची सवय आपल्याला नसते. गाडीत पाणी १२ व्होल्टच्या पंपाने येते. पंप बंद असेल, मुख्य टाकी रिकामी असेल किंवा सर्व्हिसिंगच्या वेळी गीझर रिकामा करून ठेवला असेल, तर आत फक्त हवा असते. अशा वेळी बटण दाबले तर कॉइल एक-दोन मिनिटांत जळते. गॅसवरच्या गीझरमध्ये टाकीलाच धोका असतो.

त्यावरचा उपाय सोपा आहे. पंप सुरू करा, गरम पाण्याचा नळ उघडा आणि थांबा. आधी नळ फुरफुरेल, थुंकेल, मग धार येईल. धार सलग झाली की नळ बंद करा आणि मगच गीझर लावा. परदेशी गाड्यांत बऱ्याचदा ६ गॅलनची, म्हणजे साधारण २३ लिटरची टाकी असते. ती भरायला दोन-तीन मिनिटे लागतात. त्या दोन-तीन मिनिटांचाच कंटाळा केला जातो.

कॉइल जळली की नाही हे मल्टिमीटरने कळते. वीज पूर्ण तोडून, कॉइलच्या तारा सोडवून मोजा. २३० व्होल्टची २००० वॅटची कॉइल चांगली असेल तर सुमारे २६ ओहम दाखवते. काहीच दाखवत नसेल तर ती तुटलेली आहे. अमेरिकेतून आलेल्या गाडीची कॉइल १२० व्होल्टची असते. ती आपल्या २३० वर जोडली तर जवळजवळ पावणेचारपट ताकदीने तापते आणि लगेच जाते. नवी कॉइल घेताना जुनीवर कोरलेले आकडे आधी वाचा.

"पाणी यायलंय, पण कोमटच"

एका काकांचा असा फोन कणकुंबीहून आला होता. चोर्ल्याच्या वाटेवर मुक्काम, बाहेर गारठा, आणि गीझर पेटलेला असूनही पाणी कोमट. मी विचारले, "काका, बाहेरच्या शॉवरचे नळ बघा हो. दोन्ही उघडे आहेत का?" ते म्हणाले, "उघडे आहेत, पण शॉवरच्या मुठीवरचं बटण बंद केलंय की." दोष तिथेच होता. गाडीच्या बाहेरच्या शॉवरचे थंड आणि गरम दोन्ही नळ उघडे ठेवून नुसत्या मुठीवर पाणी अडवले, तर थंड पाणी त्या जोडातून गरम पाण्याच्या पाइपात शिरते. मग आतल्या नळाला मिश्रण येते. गीझर खोलायच्या आधी हे दोन नळ बंद करून बघा.

दुसरे कारण म्हणजे बायपास. टाकी वगळून पाणी थेट पुढे नेणारा हा व्हॉल्व्ह गीझरच्या मागच्या बाजूला असतो. धुलाईच्या वेळी फिरवला आणि परत फिरवायचा राहिला, की टाकी रिकामीच राहते आणि वर लिहिलेली कोरडी तापण्याची चूकही सोबत घडते. मी व्हॉल्व्हच्या दांड्याजवळ ऑइल पेंटने बाण काढून देतो.

धुराची वाट अडवणे

या चुकीने माणूस जातो, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

स्वस्त पडतो म्हणून घरगुती गॅस गीझर, म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा आणि दोन मोठ्या सेलवर ठिणगी देणारा, व्हॅनच्या न्हाणीत बसवून द्या, असे लोक मागतात. मी बसवत नाही. त्याचा हिशोब सांगतो. पाणी पंचवीस अंशांनी तापवत तो दहा मिनिटे चालला तर दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो. तेवढा गॅस नीट जळायला सुमारे दोन घनमीटर हवा लागते. व्हॅनच्या न्हाणीत दीड घनमीटरही हवा नसते. म्हणजे एका अंघोळीत ती खोली आपली सगळी हवा खाऊन बसते. हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, आणि माणसाला वाटते प्रवासाचा शीण आहे. कडी आतून लावलेली असते.

गाडीत गॅसचा गीझर हवाच असेल, तर ज्याचा बर्नर बाहेरची हवा घेतो आणि धूर बाहेरच सोडतो असा, गाडीसाठीच बनवलेला बंद प्रकारचा घ्यावा. घरगुती गॅस गीझर वापरायचाच असेल तर तो गाडीच्या बाहेर, उघड्यावर टांगून वापरा आणि पाणी पाइपने आत घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा. एलपीजीचा अलार्म वेगळा असतो आणि तो जमिनीलगत लावावा लागतो, कारण एलपीजी हवेपेक्षा जड आहे आणि गळला की खाली साचतो. दोन्ही अलार्म लागतात. एकाचे काम दुसरा करत नाही.

बंद प्रकारच्या गीझरचीही वाट अडते. आपल्याकडे अडवणारी कुंभारीण माशी. गाडी दोन महिने उभी राहिली की बाहेरच्या जाळीतून आत जाऊन ती बर्नरच्या नळीत चिखलाचे घर बांधते. कधी कोळ्याचे जाळे असते. मग ज्योत निळी असायची ती पिवळी, लोळणारी होते आणि बाहेरच्या झाकणावर काजळी धरते. पिवळी ज्योत दिसली की गीझर तिथेच बंद करा. गॅस तोडून नळी सोडवा, पातळ ब्रश आणि हवेच्या फवाऱ्याने साफ करा. तारेने बर्नरची बारीक भोके कोरू नका. भोक मोठे झाले तर ज्योत कधीच जागेवर येत नाही.

ज्योत गरजेपेक्षा मोठी आणि घोंगावणारी असेल तर रेग्युलेटर बघा. हॉटेलच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर कुणीतरी लावलेला असतो. घरगुती रेग्युलेटरचा दाब ३० मिलिबारच्या आसपास असतो आणि गाडीतले बर्नर जवळपास तेवढ्याच दाबासाठी बनवलेले असतात. जोड गळतात का हे साबणाच्या फेसाने बघा. काडी पेटवून कधीच बघू नका. गाडी चालू असताना सिलिंडरचा कॉक बंद ठेवा, आणि पेट्रोल पंपावर शिरण्याआधी एकही ज्योत पेटलेली नको.

ठिणगी पडते पण पेट घेत नाही, ही तक्रार सिलिंडर बदलल्यावर येते. पाइपात हवा अडकलेली असते. आधी गाडीतली शेगडी पेटवा, तिची ज्योत स्थिर झाली की गीझर लावा. एवढ्यानेही जमले नाही तर बॅटरीचा व्होल्टेज मोजा. बॅटरी उतरलेली असेल तर ठिणगी पडते, पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडत नाही. काही प्रयत्नांनंतर गीझर स्वतःला कुलूप लावून घेतो. बटण पूर्ण बंद करून पुन्हा लावल्याशिवाय तो पुढे सरकत नाही.

कुठले पाणी भरले, हे विसरणे

आमच्या जिल्ह्यात पन्नास-साठ किलोमीटरवर पाणी बदलते. पश्चिमेला खानापूर, जांबोटीकडे जांभ्या दगडाचा आणि भरपूर पावसाचा भाग, तिथल्या पाण्यात क्षार कमी. पूर्वेला गोकाक, रामदुर्ग, सौंदत्तीकडे जमिनीखाली चुनखडकाचे थर आहेत, आणि अथणी, रायबागकडे काळ्या मातीतल्या बोअरचे पाणी. हे पाणी तापले की पांढरी पापुद्री धरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची पसंतीची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० आहे. अनेक बोअरचे पाणी वरच्या आकड्याकडे झुकते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन आलेली गाडी आणि चोर्ल्यातून आलेली गाडी यांच्या गीझरची धुलाई एकाच वेळापत्रकाने करून चालत नाही. पूर्वेकडच्या बोअरचे पाणी वारंवार भरत असाल तर दर तीन-चार महिन्यांनी टाकी धुवा.

धुताना घाई नको. आधी गीझर बंद, पाणी पूर्ण थंड, पंप बंद. मग सेफ्टी व्हॉल्व्हची खिट्टी उचलून दाब सोडा. त्यानंतरच खालचा बोल्ट काढा. ६० अंशांचे पाणी अंगावर पडले तर पाच सेकंदांत खोल भाजते, आणि दाबाखाली असलेला बोल्ट हातातून सुटून उडतो.

परदेशी 'सबर्बन' कंपनीच्या गीझरसारख्या पोलादी टाकीत हा बोल्ट म्हणजेच अॅनोड रॉड असतो. तो काढायला २७ मिलिमीटरची गोटी, म्हणजे सॉकेट पाना लागतो. मॅग्नेशियमचा हा गज टाकीच्या ऐवजी स्वतः झिजतो. तीन-चतुर्थांश झिजला की बदला. तो झिजलेला बघून गिऱ्हाईक घाबरते, "मेस्त्री, सडलाय की हा!" तो सडतो म्हणून टाकी टिकते. जो दोन वर्षांनी जसाच्या तसा निघाला त्याची मला जास्त काळजी वाटते. 'अॅटवुड' या दुसऱ्या परदेशी कंपनीच्या टाकीला आतून अॅल्युमिनियमचा थर असतो आणि तिला अॅनोड लागत नाही. तिथे तो उगाच बसवू नका.

क्षार काढायला लिंबूसत्व चांगले, लिटरला २० ग्रॅमच्या आसपास. आधी अॅनोड काढून तिथे साधा बोल्ट लावा, नाहीतर आम्ल आधी मॅग्नेशियमच खाऊन टाकते. पाणी गार ठेवा, दोन-तीन तासांत काढा, तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवा.

गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर तो साठलेल्या पाण्यातल्या जिवाणूंचा आणि मॅग्नेशियमच्या गजाचा संयुक्त उद्योग असतो. टाकी रिकामी करा, घरगुती ब्लीच लिटरला १ मिलिलिटर या मापाने मिसळलेले पाणी चार तास ठेवून नीट धुवा. मात्र ब्लीच आणि लिंबूसत्व किंवा व्हिनेगर एका दिवसात, एका टाकीत वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून बंद करणे

पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले की सुमारे दीड टक्का फुगते. २३ लिटरच्या टाकीत ते जवळजवळ पाव ते अर्धा लिटर होते. टाकीच्या वरच्या भागात हवेची एक पोकळी असते, ती हा फुगवटा सामावून घेते. कालांतराने ती हवा पाण्यात विरून जाते आणि व्हॉल्व्ह ठिबकू लागतो. तिथे बोल्ट ठोकून बंद केलेली गाडी मी पाहिली आहे. बंद टाकीला आग लावली तर तो बॉम्बच होतो.

पोकळी परत करता येते. गीझर थंड करा, पंप बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा, व्हॉल्व्हची खिट्टी उचलून पाणी वाहायचे थांबेपर्यंत धरा. खिट्टी सोडा, नळ बंद करा, पंप लावा. एवढे करूनही ठिबकत राहिला तर व्हॉल्व्हच बदला, त्याच दाबाचा.

विजेवर भरवसा

२० लिटर पाणी चाळीस अंशांनी तापवायला जवळजवळ एक युनिट वीज लागते. १०० अँपिअर-तासाच्या १२ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत पूर्ण भरलेली असताना सव्वा युनिट असते. एका अंघोळीत बॅटरी संपते, आणि २ किलोवॅटला इन्व्हर्टर १७० अँपिअरच्या पुढे खेचतो. गीझर बाहेरच्या विजेवरच चालवा.

खेड्यातल्या होमस्टेमध्ये संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आले तर २००० वॅटची कॉइल जेमतेम १२०० वॅट देते. १५ लिटरला वीस मिनिटांऐवजी पस्तीस मिनिटे लागतात. हा बिघाड नाही, थर्मोस्टॅट उघडू नका. वायर मात्र जाड, गुंडाळी पूर्ण सोडलेली हवी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. गाडी टायरवर उभी असते, तिच्या पत्र्यात करंट उतरला तर पाय जमिनीवर टेकवणाऱ्यालाच तो लागतो.

घरगुती गीझर भिंतीवरच्या दोन खिळ्यांसाठी बनवलेला असतो. १५ लिटरचा भरलेला गीझर वीस किलोच्या वर जातो. घाटात तो खालून लोखंडी पाळण्यात आणि पट्ट्याने बांधलेला लागतो. जोड लवचीक पाइपाचे ठेवा, आणि प्रत्येक घाटानंतर हात फिरवून ओल बघा.

पावसाळ्यात भरलेला सोडणे

परदेशी माहितीपुस्तकात गोठण्यापासून वाचवायची पानेच्या पाने असतात. बेळगावच्या थंडीत पाणी गोठत नाही. स्पिती, लडाखला निघालात तरच ती पाने वाचा. आपले खरे संकट जून ते सप्टेंबर. तेवढे महिने पाणी भरून उभी ठेवलेली टाकी म्हणजे साचलेले डबकेच. मृगाच्या आधी टाकी पूर्ण रिकामी करा, बोल्ट काढून दोन दिवस वाळू द्या, मग हलका बसवा. बाहेरच्या जाळीवर झाकण बांधा आणि त्याला लाल फडके लटकवा, म्हणजे न काढता कुणी पेटवणार नाही. मागच्या बाजूचे रबरी पाइप उंदीर कुरतडतात, तेही बघून ठेवा.

खंडेनवमीला गाडी धुवून हार घालतोच आपण. त्याच दिवशी बोल्टला टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळा, झाकण काढा, टाकी भरून दोनदा ओतून द्या. तिसऱ्यांदा भरल्यावर नळाची धार सलग झाली की गीझर लावा आणि पहिली पाच मिनिटे बाहेर उभे राहून ज्योत निळी आहे का बघा.