विमानाला खरा वेळ किती लागतो?

नकाशावर दोन छोट्या विमानतळांमध्ये सरळ रेषेत ४०० किमी दिसले, की लोक ताशी ८०० किमीने भागून अर्धा तास धरतात. तसं करू नका. अशा मार्गांवर अनेकदा एटीआर ७२ सारखं टर्बोप्रॉप, म्हणजे बाहेर फिरणाऱ्या पंख्यांचं विमान असतं. त्याचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास. शिवाय चढता-उतरताना वेग कमी असतो आणि धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळसाही पडतो. म्हणून भागाकारात निदान वीस मिनिटं मिळवाच. तिकिटावरचा वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो, त्यामुळे तो आणखी जास्त दिसतो. पुढचं विमान गाठायचं असेल, तर हिशेब तिकिटावरच्या वेळेचाच धरा. अंतर सागरी मैलांत दिलं असेल, तर किमी काढायला १.८५२ ने गुणा.