मांडवीचं पाणी, कागदाची चकती आणि शिशाचं शिखर

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला शिसं-कॅडमियम घेणारी मुलं पहिला महिना पोटेन्शिओस्टॅटच्या (ठरलेलं विद्युत विभव देऊन प्रवाह मोजणाऱ्या यंत्राच्या) मेन्यूत घालवतात. काम एवढंच: नदीच्या पाण्यातला धातू इलेक्ट्रोडवर जमवायचा, मग विभव चढवत सोडवायचा; सुटताना प्रवाहाच्या आलेखावर त्या धातूचं शिखर येतं. मेन्यू एका दिवसात येतो. वेळ द्यायचा तो कागदाला आणि पाण्याला.

छापील इलेक्ट्रोडवर बसेल अशी १२ मिमीची चकती व्हॉटमन १ नंबरच्या कागदातून पंचने कापा. कागदाची जाडी ०.१८ मिमी, म्हणजे चकतीचं घनफळ सुमारे २० मायक्रोलिटर. त्यातला तिसरा हिस्सा तंतूंचा, म्हणून पाणी मावतं १४ मायक्रोलिटर. कमी पडलं तर कडेचा रेफरन्स (ज्याच्या तुलनेत विभव मोजतात तो चांदीचा इलेक्ट्रोड) कोरडा राहतो, जास्त झालं तर पाणी ओघळून जोडणीच्या टोकांपर्यंत जातं. चकत्या आधी १ टक्का नायट्रिक आम्लात भिजवून, शुद्ध पाण्याने उदासीन होईतो धुवा आणि झाकून वाळवा. कोऱ्या चकतीवर शिशाचं शिखर दिसलं, तर नमुन्याला हात लावायचा नाही.

९ मिली नमुन्यात १ मिली अ‍ॅसिटेट बफर घाला: १ मोलर, पीएच ४.५, त्यातच १ मोलर पोटॅशियम क्लोराइड. मग १००० मिग्रॅ/लिटर बिस्मथ द्रावणाचे ५ मायक्रोलिटर; इलेक्ट्रोडवर बसणाऱ्या बिस्मथच्या थरातच शिसं-कॅडमियम जमतं. बिस्मथ बफरच्या बाटलीत आधीच मिसळून ठेवू नका, गढूळ होऊन तळाशी बसतो. बफर कागदात वाळवून ठेवायचा मोहही टाळा. वाळताना अ‍ॅसिटिक आम्ल उडून जातं, मागे नुसतं सोडियम अ‍ॅसिटेट राहतं, आणि पीएच चढतो.

यातले १४ मायक्रोलिटर इलेक्ट्रोडवरच्या चकतीत सोडा. −१.२ व्होल्टवर १८० सेकंद धातू जमवा, १० सेकंद थांबा, मग स्क्वेअर वेव्हने (चौकोनी स्पंदांनी पायरीपायरीने) विभव चढवा: २५ हर्ट्झ, पायरी ५ मिलिव्होल्ट, अ‍ॅम्प्लिट्यूड २५ मिलिव्होल्ट. कॅडमियम −०.८ व्होल्टच्या आसपास, शिसं −०.५५ च्या आसपास येतं. जास्त धातू जमावा म्हणून −१.४ पर्यंत गेलात, तर हायड्रोजनचे बुडबुडे चकतीखाली अडकतात. चकती टाचणीच्या टोकाएवढी उचलली जाते आणि शिखर निम्म्यावर येतं. मे महिन्यात तीन मिनिटांत कडा सुकतात, म्हणून वर काचेची पातळ कव्हरस्लिप ठेवायची.

गोव्यात सगळ्यात जास्त फसवतं ते क्लोराइड. ओहोटीला घेतलेला नमुना आणि भरतीला घेतलेला नमुना, दोन्ही एकाच मानशीजवळचे (मानस म्हणजे खाडीचं पाणी अडवणारं दार), पण खारटपणा वेगळा. छापील चांदीचा रेफरन्स क्लोराइडवर चालतो. क्लोराइड दसपट झालं, की त्याचं विभव सुमारे ५९ मिलिव्होल्ट खाली येतं आणि सगळी शिखरं तेवढी धन बाजूला सरकल्यासारखी दिसतात. पावसाळ्यातलं शिखर पाहून मे महिन्यातलं ओळखायला गेलात, तर चुकाल. बफरमधलं पोटॅशियम क्लोराइड त्याचसाठी आहे. गोड्या पाण्यात ते पुरतं. समुद्रालगतच्या पाण्यात शिखर थोडं सरकेलच, तेव्हा शिसं मुद्दाम घालून कुठलं शिखर वाढतं ते पाहायचं. दहा मिलीत १ मिग्रॅ/लिटर शिशाचे ५० मायक्रोलिटर घातले, की ५ मायक्रोग्रॅम/लिटरची भर पडते. अशा तीन भरी द्या, दर वेळी नवी चकती, इलेक्ट्रोड तोच. या भरींच्या आलेखाच्या रेषेवरून आलेला आकडा १०/९ ने गुणायला विसरू नका, कारण ९ मिली नमुना बफरने १० मिली झालेला असतो.

डिचोली, साखळीकडचं पाणी पावसात लाल होतं. ही लाली लोहाच्या ऑक्साइडच्या बारीक कणांची, आणि शिसं त्यांना चिकटून बसतं. कागद कण वरच अडवतो, इलेक्ट्रोडपर्यंत पोचतं ते फक्त विरघळलेलं आणि सहज सुटणारं शिसं. त्याच बाटलीचा नमुना आम्लात उकळवून (म्हणजे पचवून) आयसीपी-एमएसवर, म्हणजे प्लाझ्मात अणू मोजणाऱ्या मोठ्या यंत्रावर, दिला, तर आकडा बराच मोठा येईल. दोन्ही आकडे खरे असतात, मोजलेल्या गोष्टी वेगळ्या असतात. म्हणून वहीत आकड्याशेजारी 'गाळलेलं', 'न गाळलेलं' की 'पचवलेलं' हे लिहायचंच. आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) मधली शिशाची मर्यादा ०.०१ मिग्रॅ/लिटर, चकतीत तेवढ्या पाण्यातलं शिसं एका नॅनोग्रॅमच्या सातव्या-आठव्या हिस्स्याएवढं. या पातळीला चकतीचा आकडा इशारा समजा आणि आयसीपी-एमएसने पडताळा.

तांबं जास्त असलं, तर इलेक्ट्रोडवर ते बिस्मथची जागा अडवतं आणि शिशाचं शिखर खुजं होतं. पोटॅशियम फेरोसायनाइडचा अंश तांब्याला बांधून ठेवतो. प्रमाण आपल्याच पाण्यावर ठरवावं लागतं.

इलेक्ट्रोडची पाकिटं खाऱ्या हवेत उघडी राहिली, की चांदीची टोकं काळी पडतात. झिपच्या पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवा, आणि जून लागला की जेल दर आठवड्याला भाजून घ्या.