कर्ता माणूस अपघातात गेला, तर भरपाईचा क्लेम कसा टाकायचा

दहावं-तेरावं उरकेपर्यंत घर भानावर नसतं. नेमक्या त्याच दिवसांत फिर्याद, पंचनामा आणि शवविच्छेदन होऊन जातं, आणि पुढे कित्येक वर्षं चालणारा क्लेम त्याच कागदांवर उभा राहतो. म्हणून पहिल्याच दिवशी घरातल्या एकाच माणसावर ही फाइल सोपवा. भाऊ, मेहुणा, पुतण्या, ज्याला तालुक्याला हेलपाटे घालायला जमेल असा. चौघांच्या हाती कागद गेले की दोन तरी गहाळ होतातच.

फिर्यादीवर सही करण्याआधी ती सावकाश वाचून घ्या, नाहीतर कुणाकडून वाचून घ्या. धडक देणाऱ्या गाडीचा नंबर, ती कुठून कुठे चालली होती, वेळ, आणि पाहणाऱ्यांची नावं त्यात आली पाहिजेत. जे घडलं तेवढंच सांगा, पण पूर्ण सांगा. फिर्यादीत गाडीचा नंबर नसला आणि महिन्याने साक्षीदार उभा केला, तर विमा कंपनीचा वकील ‘गाडी नंतर घुसवली’ असंच म्हणणार. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती लगेच मागून घ्या.

जखमी माणूस जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहराच्या दवाखान्यात दगावला, तर अकस्मात मृत्यूची नोंद बहुधा तिथल्या पोलीस ठाण्यात होते आणि कागद नंतर तुमच्या ठाण्याकडे येतात. मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल याच वाटेत अडकतो. पाठपुरावा दोन्हीकडे करा. मृत्यूची नोंदही जिथे माणूस गेला तिथेच होते, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. ती २१ दिवसांच्या आत झाली का, ते दवाखान्यात विचारून घ्या.

क्लेम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात टाकायचा. अपघात परजिल्ह्यात झाला असला तरी तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो; अपघात झाला तिथे हेलपाटे घालायची गरज नाही. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. पोलिसांनीही अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, पण त्या भरवशावर बसू नका. व्याज सहसा अर्जाच्या तारखेपासून धरलं जातं, हे लवकर अर्ज करण्याचं आणखी एक कारण.

रक्कम कशी ठरते, ते घरच्यांनीच समजून घेतलेलं बरं. समजा, ३८ वर्षांचा माणूस महिना १२,००० मिळवत होता. वर्षाचे झाले १,४४,०००. वय ४० च्या आत आणि धंदा स्वतःचा, म्हणून पुढची वाढ ४० टक्के धरली की २,०१,६००. मागे बायको, दोन मुलं आणि आई, चौघं अवलंबून. म्हणून त्याचा स्वतःचा खर्च चौथा हिस्सा वजा, उरले १,५१,२००. ही वर्षाची रक्कम जितक्या पटीनं धरतात तो आकडा म्हणजे गुणक; वय ३६ ते ४० ला तो १५, म्हणजे २२,६८,०००. त्यावर जोडीदार, मुलं आणि आई-वडील यांना सहवास गमावल्याबद्दल वेगवेगळी रक्कम, शिवाय अंत्यविधीचे आणि वारसांना मिळाली असती त्या मालमत्तेच्या नुकसानीचे थोडे पैसे. मयत अविवाहित असेल, तर स्वतःच्या खर्चापोटी निम्मं उत्पन्न वजा होतं.

शेतकऱ्याच्या बाबतीत खरी ओढाताण उत्पन्नावर होते. सातबारा आणि आठ-अ लावला की काम झालं असं वाटतं, पण समोरचा वकील उठून विचारतो, ‘जमीन तर घरातच राहिली, मग नुकसान कसलं?’ या प्रश्नाचं उत्तर सातबाऱ्यात सापडत नाही. तो माणूस स्वतः शेतात राबत होता, हे दाखवावं लागतं. दूध संस्थेच्या पगाराच्या पावत्या, कारखान्याचं ऊसबिल, बाजार समितीतल्या आडत्याची पट्टी, त्याच्या नावच्या खतांची बिलं, ई-पीक पाहणी, सगळं गोळा करा. आणि त्याच्यामागे सालगडी ठेवावा लागला किंवा रान बटईनं द्यावं लागलं, तर त्याचा लेखी करार करून पैसे बँकेतूनच द्या. तो माणूस करत होता त्या कामाची किंमत त्या एका कागदावर दिसते.

नावातला फरकही फार छळतो. सातबाऱ्यावर दत्तू, आधारवर दत्तात्रय, शाळेच्या दाखल्यावर दत्तोबा. एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच करून ठेवा. वयाला शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यांत भक्कम, कारण गुणक वयावर ठरतो.

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा ट्रॉलीत बसलेला माणूस गेला, तर विमा कंपनी ‘पॉलिसीत प्रवासी नाहीत’ म्हणून हात वर करते. अशा वेळी ट्रॅक्टरमालकालाही पक्षकार करा, पॉलिसीची प्रत मिळवा आणि वकिलाला ही गोष्ट आधीच सांगा. मयत मजुरीवर असेल, तर कामगार भरपाईचा कायदाही लागू होऊ शकतो. मात्र दोन्हींपैकी एकच वाट धरता येते.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी २ लाखांची वेगळी योजना आहे. तिचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे. माणूस स्वतःच्या नावावरच्या मोटारसायकलवरून घसरून गेला, तर दोष दुसऱ्याचा नसला तरी पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कवच आहे का ते बघा. लायसन्स वैध हवं. बँकेच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापल्याची नोंद दिसली, तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा, २ लाखांचा. बँकेला ३० दिवसांत कळवा.

नाव सातबाऱ्यावर असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान विसरू नका. वय १० ते ७५, मृत्यूला २ लाख, आणि शेतकऱ्याच्या कुटुंबातल्या सातबाऱ्यावर नाव नसलेल्या एका माणसालाही लागू. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत. रस्त्यावरच्या अपघाताशिवाय सर्पदंश, वीज, विहिरीत बुडणं, विजेचा धक्का हेही यात येतं.

गाडीवाला पहिल्या आठवड्यातच लाख-दोन लाख घेऊन दारात येतो आणि ‘आमची तक्रार नाही’ असा स्टॅम्प पुढे करतो. घरात पैशाची नड असते, हे त्याला माहीत असतं. सही करू नका. तडजोड करायचीच, तर वरचा हिशोब हाती घेऊन लोकअदालतीत करा. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, हे मात्र ध्यानात ठेवा.

वकिलाची फी रकमेच्या टक्क्यांत ठरवणं त्यांच्याच नियमांत बसत नाही. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा. आणि बायकोच्या एकटीच्या नावाचं बँक खातं आत्ताच उघडा. निकालानंतर पैसे थेट खात्यावर येतात, मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत जातो, आणि सासऱ्या-दिराबरोबरचं सामाईक खातं दिलं की तिचा वाटा तिच्या हातात पडायला पुन्हा अर्ज-विनंत्या सुरू होतात.