अवघड भाग आधी करून पाहा
डिझायनर पीटर स्किलमन यांनी तयार केलेल्या एका प्रसिद्ध खेळात गटाला स्पॅगेटीच्या २० कोरड्या काड्या, चिकटपट्टी, दोरी आणि एक मार्शमेलो (स्पंजासारखी मऊ गोड मिठाई) दिला जातो आणि १८ मिनिटांत शक्य तितका उंच मनोरा उभारून त्याच्या टोकावर तो मार्शमेलो ठेवायला सांगितले जाते. व्यवस्थापनाचे विद्यार्थी बहुधा आराखड्याची चर्चा करण्यात वेळ घालवतात, मार्शमेलो अगदी शेवटी ठेवतात आणि त्याच्या वजनाने मनोरा कोसळतो. बालवाडीतील मुले मात्र सुरुवातीपासूनच तो टोकावर ठेवून पाहतात, पडला की दुरुस्ती करतात आणि सरासरीने अधिक उंची गाठतात. (वास्तुविशारद आणि अभियंते त्यांच्याही पुढे जातात, त्यामुळे प्रशिक्षणाला कमी लेखण्याचे कारण नाही.)

मुखपृष्ठ, जाहिरात किंवा माहितीपट हाती घेताना आपल्या कामातील असा निर्णायक भाग आधी ओळखा. जोडाक्षरांनी भरलेले शीर्षक मोबाइलच्या पडद्यावर वाचता येईल का, अशी शंका असेल, तर रंगसंगती ठरवण्यापूर्वीच ते कच्च्या रेखाटनात बसवून मोबाइलवर पाहा आणि संकोच वाटला तरी त्याच दिवशी सहकाऱ्याला दाखवा, कारण त्या टप्प्यावर अक्षरांचा आकार किंवा मांडणी बदलायला फारसे कष्ट पडत नाहीत.