लिनक्सच्या एलपीआयसी-१ या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करताय? या चुका टाळा

जोडलेली डिस्क सोडवण्याची कमांड कागदावर लिहून बघा. तोंडाने आपण सगळेच ‘अनमाउंट’ म्हणतो, पण कमांडमध्ये ‘यू’नंतर ‘एन’ नाही: यू-एम-ओ-यू-एन-टी. डीएनएस सर्व्हरचे पत्ते ठेवणाऱ्या रिझॉल्व्ह फाइलच्या नावात ‘व्ही’नंतर ‘ई’ नाही. वापरकर्त्यांची यादी असलेल्या पासवर्ड फाइलीत ‘डब्ल्यू’नंतर थेट ‘डी’. दिवसभर टॅब दाबून नावं पुरी करणाऱ्याला हे कधी दिसतच नाही. परीक्षेत काही प्रश्न रिकाम्या जागा भरण्याचे असतात. तिथे पर्याय नसतात, टॅब नसतो, आणि एक अक्षर हुकलं की उत्तर गेलं. शेवटचे दोन आठवडे तरी टॅबवरचं बोट काढा.

विषयपत्रिका न उघडता अभ्यास

प्रमाणपत्रासाठी पेपर दोन द्यावे लागतात, १०१ आणि १०२. प्रत्येकी ६० प्रश्न, ९० मिनिटं. ५०० गुणांना उत्तीर्ण, पण मोजपट्टी २०० ते ८०० अशी असल्याने ‘साडेबासष्ट टक्के हवेत’ हा हिशेब करू नका, तो चुकतो. दोन्ही पेपर पाच वर्षांच्या आत सुटले पाहिजेत.

विषयपत्रिकेत प्रत्येक मुद्द्यापुढे एक आकडा असतो, वेटेज. त्यावर किती प्रश्न येतील याचा तो ढोबळ अंदाज. १०१ मध्ये कमांड लाइनच्या एकट्या विभागाला ६० पैकी २६ वेटेज आहे, आणि व्हर्च्युअल मशीनमधल्या लिनक्सवरच्या मुद्द्याला फक्त १. तरी मुलं त्याच मुद्द्यातलं क्लाउड चार दिवस वाचत बसतात, कारण ते भारी वाटतं. पाइप, ग्रेप, व्हीआय ही कमांड लाइनची रोजची हत्यारं मात्र ‘येतंच की’ म्हणून सोडतात.

फक्त उबुंटूवर सराव

उबुंटू डेबियनच्या घराण्यातलं. परीक्षेत डेबियनच्या पॅकेजांना ३ वेटेज, आरपीएम या दुसऱ्या पद्धतीच्या पॅकेजांनाही ३. एखादी फाइल कोणत्या पॅकेजने आणली हे डेबियनकडच्या डीपीकेजी कमांडला मोठ्या ‘एस’ने विचारतात, आरपीएमला ‘क्यूएफ’ने. व्हर्च्युअलबॉक्समध्ये शेजारी रॉकी किंवा अल्मा (आरपीएमवालं लिनक्स) टाका आणि एकच काम दोन्हीकडे करा. हे वाचून लक्षात राहत नाही.

यूझरमॉडचा छोटा ‘ए’

हा घोळ मी स्वतः घातलाय. स्वतःला डॉकर ग्रुपमध्ये घालायचं होतं. यूझरमॉड या वापरकर्त्याचे ग्रुप बदलणाऱ्या कमांडला मोठा ‘जी’ दिला, पुढे ग्रुपचं नाव, एंटर. काही तक्रार आली नाही. चालू सेशनमध्ये जुनेच ग्रुप होते, त्यामुळे त्या रात्री सुडोही (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं) चाललं. सकाळी लॉगिन करून सुडो दिलं तर उत्तर: तुम्ही सुडोअर्सच्या यादीत नाही, या घटनेची नोंद होईल. (नोंद वाचणारा मालक मीच, हा भाग वेगळा.)

झालं असं की मोठा ‘जी’ एकटा दिला तर तो यादीत भर घालत नाही, यादी बदलून टाकतो. जे ग्रुप लिहिले नाहीत त्यांतून तुम्ही बाहेर, त्यात सुडो ग्रुपही आला. भर घालायची तर सोबत छोटा ‘ए’ हवा. सुटका अशी: मशीन पुन्हा सुरू करून ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूतून रिकव्हरी मोड, तिथून रूट म्हणजे प्रशासकाचा शेल, रूट विभाजन लिहिता येईल असं पुन्हा माउंट करायचं, आणि स्वतःला ‘ए-जी’ने सुडोत परत घ्यायचं. दहा मिनिटांचं काम, पण घाम फुटतो. हे व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट (परत फिरता येईल अशी प्रत) घेऊन मुद्दाम करून बघा. एकदा स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं की पर्यायांमधला तो ‘ए’ आपोआप डोळ्यात भरतो.

ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनचंही तसंच. स्वतःच्या क्रॉनटॅबमध्ये वेळेचे पाच रकाने आणि मग कमांड. ईटीसीतल्या, म्हणजे सगळ्या सिस्टिमच्या, क्रॉनटॅबमध्ये त्यांच्या मधे सहावा रकाना, वापरकर्त्याचं नाव. तिथली ओळ जशीच्या तशी आपल्याकडे चिकटवली तर क्रॉन ‘रूट’ नावाची कमांड शोधत बसतो. आणि यूमास्क (नव्या फाइलीचे कोणते अधिकार काढून घ्यायचे तो आकडा) ०२७ असेल तर डिरेक्टरीला ७५० मिळतं, फाइलीला ६४०; फाइलीची सुरुवातच ६६६ पासून होते.

डंपवर भिस्त

डंप म्हणजे फुटलेले प्रश्न, ते पाठ करणं नियमबाह्य आहे, हे एक. दुसरं, त्यातली उत्तरं सर्रास चुकीची असतात आणि कितीतरी प्रश्न जुन्या आवृत्तीचे. पेपर क्रमांकापुढे ४०० दिसलं की ती फाइल टाकून द्या, तुम्हाला ५०० ची तयारी करायची आहे. हे प्रमाणपत्र देणाऱ्या एलपीआय संस्थेचं स्वतःचं शिकण्याचं साहित्य फुकट मिळतं, तेच आधी संपवा.

नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. आपल्याकडे एका कार्डावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांचं नाव नुसतं अक्षरात. पिअर्सन व्ह्यूच्या परीक्षा केंद्रावर जे कार्ड दाखवणार आहात ते समोर ठेवूनच फॉर्म भरा.