डेथ कार्ड आलं तर घाबरू नका, आधी चित्र बघा

टॅरोमध्ये, म्हणजे भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांमध्ये, १३ नंबरचं डेथ (मृत्यू) कार्ड निघालं की लोक जाम टेन्शन घेतात, पण लगेच अर्थ शोधत बसू नका, आधी चित्र नीट बघा. पामेला कोलमन स्मिथने काढलेल्या १९०९ च्या डेकमध्ये (पत्त्यांच्या संचात) पांढऱ्या घोड्यावर सांगाडा आहे, हातात काळा झेंडा आणि त्यावर पांढरं गुलाब, खाली राजा आडवा पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा, आणि लहान मूल मात्र त्या सांगाड्याकडे बिनधास्त बघतंय! मला तर ते मूलच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे तोही बघा. म्हणजे काहीतरी संपतंय आणि नवीन सुरू होतंय. समजा पत्त्यांना विचारलंत, अंधेरीचा जॉब सोडू का, आणि हे कार्ड आलं, तर स्वतःलाच विचारा, यातला मी कोण, राजा की मूल?